घरी पाव भाजणे : उन्हाळ्यात गव्हाच्या पिठाचा पाव आत गिच्च का राहतो?

पावशेर

सर्वांस नमस्कार. गेल्या हिवाळ्यात आम्हा मित्रांना घरी पाव भाजण्याचा नाद लागला. आम्ही सगळे पंचविशीच्या आसपासचे, नोकरी करणारे, पुण्यात भाड्याच्या घरात एकत्र राहणारे आहोत. घरात एक ओटीजी (विजेवरचा लहान ओव्हन), ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि झाकण असलेले बिडाचे पातेले आहे. थंडीत मैद्याचा पाव मनाजोगता होत असे, म्हणून मार्चनंतर आम्ही हौसेने गव्हाच्या पिठाकडे वळलो आणि तेव्हापासून सगळेच बिनसत गेले.

आमची कृती एका अमेरिकी संकेतस्थळावरची आहे : ५०० ग्रॅम पीठ, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ आणि ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. पीठ लोकवन गव्हाचे, चक्कीवरून दळून आणलेले. मळल्यानंतर दोन तास आणि आकार दिल्यानंतर एक तास ठेवायला सांगितले आहे. तेवढा वेळ ठेवले की गोळा आधी भरपूर वर येतो, मग मधोमध खचतो, हाताला चिकटू लागतो, त्याला दारूचा वास मारतो, आणि भाजल्यावर पाव पसरट होऊन आत गिच्च राहतो.

दुसरी अडचण सावरडोच्या, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठावर फुगणाऱ्या पावाच्या, आंबणाची. पीठ आणि पाणी समप्रमाणात कालवून ठेवलेले मिश्रण तिसऱ्याच दिवशी बरणीतून उतू गेले, पाचव्या दिवशी त्यात एकही बुडबुडा दिसेना, आणि आता झाकण उघडले की नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. हे टाकून द्यावे काय?

तिसरा प्रश्न माझ्या आईचा आहे. ती कराडहून आली असताना तिने शांतपणे विचारले की, कोपऱ्यावरच्या बेकरीत गरम लादी मिळत असताना तुम्ही चार तास आणि एवढी वीज कशासाठी घालवता. आमच्यापैकी कोणालाच तिला नीट उत्तर देता आले नाही. हा छंद टाळेबंदीतून उरलेले खूळ आहे की त्यात शिकण्यासारखे काही आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

जात्यावरची

पावशेर, दोष पिठाचाही आहे आणि घड्याळाचाही. आधी घड्याळाचे बोलते, कारण ते लवकर सुधारता येते.

अमेरिकी किंवा युरोपीय कृतीत ‘खोलीचे तापमान’ असे लिहिलेले असते तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर २१ ते २४ अंश असतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तुमचे स्वयंपाकघर ३३-३४ अंशांवर असणार. या टप्प्यात तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की यीस्टचा वेग साधारणपणे दुपटीच्या घरात जातो, त्यामुळे कृतीतले दोन तास तुमच्याकडे एका तासातच संपलेले असतात आणि पुढचा तासभर गोळा नुसता उतरत असतो. शिवाय ७ ग्रॅम हा आकडा तिकडे यीस्टचे पाकीट ७ ग्रॅमचे येते म्हणून कृतींमध्ये रुळला आहे; ५०० ग्रॅम पिठाला उन्हाळ्यात ३ ग्रॅम पुरेसे होतात.

पीठ भिजवताना पाण्याचे तापमान ठरवण्याची बेकरीवाल्यांची एक सोपी रीत आहे. मळलेला गोळा २६ अंशांवर हवा असेल तर २६ ला तिनाने गुणावे, म्हणजे ७८. त्यातून खोलीचे ३३ आणि पिठाचे ३३ वजा करावेत, उरलेले १२ हे पाण्याचे तापमान. म्हणजे माठातले नव्हे, फ्रीजमधले पाणी. यंत्राने मळत असाल तर घर्षणाची उष्णता धरून ते आणखी थंड घ्यावे. हा हिशेब पूर्ण काटेकोर नाही, पण घरच्या कामाला पुरतो.

गोळा किती फुगला हे पसरट परातीत कळत नाही. मळून झाल्यावर लिंबाएवढा तुकडा सरळ कडांच्या काचेच्या पेल्यात दाबून बसवावा, त्याच्या उंचीवर रबर लावावे आणि तो पेला मोठ्या गोळ्याशेजारीच ठेवावा. गव्हाच्या पिठाला दुप्पट होऊ देऊ नये. दीडपट ते पावणेदोनपट झाले की आकार द्यायला घ्यावा, मग घड्याळात काहीही वाजलेले असो. तुमच्या आईंना हे सांगून पाहा. मे महिन्यात इडलीचे पीठ किती तास बाहेर ठेवायचे आणि डिसेंबरात किती, हे त्यांनी कधी घड्याळावरून ठरवलेले नसणार. पावाच्या बाबतीत तुम्हाला जे शिकायचे आहे त्यातले अर्धेअधिक त्यांना आधीच येते.

आता पिठाविषयी. गव्हातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्याशी एकत्र येऊन ग्लुटेनचे जाळे तयार करतात, आणि यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकला तरच पाव हलका होतो. आपल्या गव्हात प्रथिने नसतात असे नाही. अडचण दोन ठिकाणी येते. अख्ख्या पिठातला कोंडा हे जाळे जागोजागी तोडतो, आणि चक्कीच्या दगडांच्या दाबाने व उष्णतेने स्टार्चचे कण रोलर मिलपेक्षा जास्त फुटतात. फुटलेला स्टार्च पाणी अधिक शोषतो, म्हणूनच चक्कीच्या पिठाच्या पोळ्या मऊ होतात. पण त्याच स्टार्चवर पिठातल्या विकरांचा (एन्झाइमांचा) परिणाम लवकर होऊन साखर सुटते, आणि तास वाढले की कणीक सैल व चिकट होते. पोळीला जे पीठ उत्तम तेच पावाला अवघड जाते, याचे कारण हे आहे.

त्यामुळे सुरुवात निम्मा मैदा आणि निम्मे चक्कीचे पीठ अशी करावी. मैद्याच्या पाकिटामागे प्रथिनांचा आकडा छापलेला असतो. १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल ते पाकीट घ्यावे. एवढ्या मिश्रणाला ३५० ग्रॅम पाणी लागेल. निव्वळ गव्हाच्या पिठाला ३७५ ते ४०० ग्रॅमही लागू शकते. तुमच्या ३२५ ग्रॅममध्ये पोळ्यांची कणीक होते, पावाची नाही. आधी फक्त पीठ आणि पाणी कालवून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवावे आणि मग यीस्ट व मीठ घालून मळावे. कोंडा तेवढ्या वेळात भिजून मऊ होतो आणि ग्लुटेन आपोआप जुळू लागते. ही पद्धत फ्रान्समधले बेकरीशास्त्राचे प्राध्यापक रेमाँ काल्वेल यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. पुरणपोळीची कणीक भिजवून मुरू दिल्यावर किती सहज ताणली जाते, हे ज्यांनी हाताने तिंबून पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. हौस असेल तर पुरणपोळीसाठी सपीट चाळतो त्या चाळणीने कोंडा वेगळा काढावा आणि आकार दिलेला गोळा शेवटी त्यातच घोळवावा. कोंडा वाया जात नाही आणि आतल्या जाळीला धक्काही लागत नाही. खपली गव्हाच्या पावाचा सध्या बराच बोलबाला आहे. खपलीची खीर अप्रतिम होते, पण तिचे ग्लुटेन दुबळे असते, तेव्हा निव्वळ खपलीचा पाव निदान पहिल्या वर्षी तरी करायला घेऊ नये.

आंबण टाकू नका. तिसऱ्या दिवशी आलेला तो फेस यीस्टचा नव्हता. पीठ नुकतेच भिजवलेले असताना वेगळेच जिवाणू आधी वाढतात आणि वायू सोडतात. मिश्रण आंबट होत गेले की ते मागे पडतात, दोन-तीन दिवस सारे निपचित दिसते, आणि त्यानंतर आम्लता सोसणारे यीस्ट व लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू जम बसवतात. नेमक्या त्या निपचित दिवसांत बहुतेक नवशिके बरणी मोरीत रिकामी करतात. नेलपॉलिशचा वास म्हणजे आंबण उपाशी आहे. १० ग्रॅम जुने आंबण, ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी असे त्याला दिवसातून दोनदा खायला घाला. आंबण, पीठ आणि पाणी तिन्ही समप्रमाणात घालण्याची रीत थंड हवेतली आहे. आपल्या उन्हाळ्यात तेवढे अन्न काही तासांतच संपते. खायला घातल्यावर ते सलग काही दिवस चार-पाच तासांत दुप्पट होऊ लागले की पावाला वापरावे. बाहेर काढलेले जास्तीचे आंबण धिरड्यात चांगले लागते. बुरशीचा किंवा गुलाबी, नारिंगी रंगाचा डाग दिसला तर मात्र क्षणभरही विचार न करता सगळे फेकून द्यावे.

वायरमन

विजेचा हिशेब कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. ओटीजी साधारण १५०० ते २००० वॅटचा असतो. तापवण्याचा वेळ धरून तो सव्वा तास चालला तरी थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होत असल्याने एका भाजणीला दोन युनिटांच्या आतच वीज जाते. एका भाजणीत दोन पाव काढले तर तीही निम्म्यावर येते. तेव्हा बिलाची काळजी फारशी नाही. खरी काळजी भाड्याच्या घरातल्या प्लगची असायला हवी. ओट्यावरचा लहान तीन-पिनी सॉकेट ६ अँपिअरचा असतो आणि त्यावर जेमतेम १३८० वॅट चालतात. २००० वॅटचा ओव्हन अडॅप्टर लावून त्यावर तासभर चालवला तर सॉकेट वितळू शकतो. ओव्हन फ्रीजच्या किंवा गीझरच्या १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावा, आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात वापरू नका.

सासष्टीकर

जात्यावरची ताईंनी सगळे इतके सविस्तर सांगितले आहे की मी फक्त गोव्याकडची थोडी भर घालतो.

आमच्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्या काळी यीस्ट हाताशी नसल्याने माडाच्या सुरेने (ताडीने) पीठ फुगवीत. सूर ताजी असते तेव्हा तिच्यात नैसर्गिक यीस्ट असतेच, आणि उष्ण हवेत ती काही तासांतच जोर धरते. म्हणजे दमट किनाऱ्यावर, थंड खोली नसताना, लोकांनी शतकानुशतके उत्तम पाव भाजला आहे. आज बहुतेक ठिकाणी सुरेची जागा यीस्टने घेतली असली तरी लाकडावर तापवलेली घुमटाकार भट्टी, पहाटेचा पोदेर (पाववाला) आणि त्याच्या सायकलचा भोंपू अजून आहे. उंडो, कात्रे पाव, कांकणां आणि पोई या आमच्या पावांतली पोई मी तुमच्यासारख्या नवशिक्यांना आवर्जून सुचवीन. ती लहान असते, पिठाला फार फुगवावे लागत नाही, आणि गव्हाचे पीठ व कोंडा हे तिच्या स्वभावातच आहे.

दोन भाग गव्हाचे पीठ आणि एक भाग मैदा घ्यावा, पाणी एकूण पिठाच्या ७० टक्के, मीठ २ टक्के आणि यीस्ट अगदी थोडे. गोळा दीडपट झाला की ८०-८० ग्रॅमचे उंडे करून कोंड्यात घोळवावेत, हाताने चपटे करावेत आणि अर्धा तास झाकून ठेवावेत. ओव्हनमध्ये लोखंडी तवा उपडा घालून २५० अंशांवर अर्धा तास चांगला तापू द्यावा आणि त्यावर उंडे टाकावेत. ज्या कारणाने फुलका फुगतो त्याच कारणाने, म्हणजे आतल्या पाण्याची एकदम वाफ झाल्याने, सहा-आठ मिनिटांत पोई टम्म फुगते आणि आत पोकळी होते. तवा पुरेसा तापलेला नसेल तर ती फुगणार नाही. तसे झाले तर दोष पिठावर ढकलू नये.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर एवढेच म्हणतो की, आमच्या गावात पोदेरांच्या घरची मुले या धंद्यात राहायला तयार नाहीत. रात्री दोनला उठून भट्टीसमोर उभे राहावे लागते आणि पावाची किंमत रुपयाने वाढली तरी गिऱ्हाईक कुरकुरते. त्याच वयाची शहरातली मुले हेच काम सुटीच्या दिवशी आवडीने करतात, याची मला गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो. तुम्ही छंद जरूर करा, पण कोपऱ्यावरच्या बेकरीतली लादी घेणे बंद करू नका. तुमच्या आईंच्या बोलण्यात तेवढे तथ्य आहे.

राइनकाठी

मी नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो. इथे पावाचे प्रस्थ एवढे आहे की २०१४ मध्ये जर्मन पाव-संस्कृतीची नोंद देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. तरीही २०२० च्या टाळेबंदीत दुकानांतले पीठ आणि यीस्ट गायब झाले, कारण बेकऱ्या उघड्या असूनही माणसे घरी पाव भाजू लागली होती. तेव्हा याला खूळ म्हणायचे असेल तर ते फक्त आपल्याकडचे नव्हते. माझ्या ओळखीच्या ज्या तरुणांनी त्या वर्षी सुरुवात केली त्यांतले बरेच जण वर्षभरात थांबले. जे टिकले त्यांनी दर आठवड्याला नवी कृती शोधण्याचे सोडून दिले आणि एकच पाव पुन्हा पुन्हा भाजत राहिले. छायाचित्रासाठी भाजणारा लवकर कंटाळतो, न्याहारीसाठी भाजणारा कंटाळत नाही, असे माझे मत आहे.

परदेशी कृती वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. इथल्या पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. तो प्रथिनांचा आकडा नसून १०० ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅम असतात, म्हणजे कोंड्याचा अंश किती हे त्यावरून कळते. १०५० चे पीठ तुमच्या मैदा आणि कणकेच्या मिश्रणाला जवळचे, पण तंतोतंत तसे नव्हे. राय या धान्याच्या पावाची कृती गव्हाच्या पिठावर करून पाहू नये. रायमध्ये गव्हासारखे ग्लुटेन जुळत नाही आणि तिच्यातली विकरे भट्टीत स्टार्च मोडून आतला भाग चिकट करतात. त्यांना आवर घालण्यासाठी आंबट आंबण लागतेच. इथे सावरडो चवीसाठी आला नाही, रायच्या गरजेतून आला.

न मळता करायच्या पावाची कृतीही अशीच जपून वापरावी. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची कृती २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापल्यावर ती जगभर पसरली. चिमूटभर यीस्ट, भरपूर पाणी आणि १२ ते १८ तासांची विश्रांती, असे तिचे स्वरूप आहे. माझ्या स्वयंपाकघरात हिवाळ्यात १९ अंश असतात, तिथे ती चोख उतरते. नागपूरला राहणाऱ्या माझ्या चुलतबहिणीने ती मे महिन्यात करायची म्हटले, तेव्हा मी तिला रात्रभर फ्रीज वापरायला सांगितले.

पावशेर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आंबण वाचले आहे, आणि आमचा ओव्हन खरोखरच लहान सॉकेटवर चालत होता, तो आता फ्रीजशेजारी हलवला आहे. आणखी दोन शंका आहेत. आम्ही संध्याकाळी आठला घरी येतो आणि सकाळी साडेनऊला निघतो. या वेळेत पाव कसा बसवावा? आणि कराडहून आईने ज्वारीचे पीठ दिले आहे, ते पावात घालता येईल का?

जात्यावरची

दोन्ही जमेल.

रात्री नऊला थंड पाण्यात पीठ कालवून ठेवा. साडेनऊला २ ग्रॅम यीस्ट आणि १० ग्रॅम मीठ घालून मळा, आणि पुढच्या तासाभरात दोन-तीनदा गोळ्याच्या कडा ओढून मध्यावर घडी घाला. पेल्यातला तुकडा पाऊणपट वाढायची वाट पाहू नका, तो जेमतेम पाव हिश्शाने वर आला की आकार द्या आणि तांदळाचे पीठ भुरभुरवलेल्या फडक्यात घालून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. गोळा हळूहळू थंड होत असतो, म्हणून उरलेली वाढ फ्रीजमध्ये होते. सकाळी उठल्याबरोबर बिडाचे पातेले झाकणासकट ओव्हनमध्ये घालून २३० अंशांवर ४० मिनिटे तापवा. गोळा फ्रीजमधून थेट पातेल्यात टाका, वर पात्याने एक चीर द्या, २० मिनिटे झाकण ठेवून आणि त्यानंतर १५ ते २० मिनिटे झाकण काढून भाजा. झाकणामुळे गोळ्याचीच वाफ आत कोंडते, वरचे कवच लवकर कडक होत नाही आणि पावाला फुलायला अवधी मिळतो. मधोमध खुपसलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर ९६ अंशांच्या आसपास दाखवत असेल तर पाव आतपर्यंत भाजला गेला आहे. कापण्याआधी तो तासभर तरी निवू द्या. गरम असताना कापलेला पाव उत्तम भाजलेला असूनही आत ओलसर लागतो, आणि तुमच्या गिच्चपणात याचाही वाटा असू शकेल.

ज्वारीत ग्लुटेन नसते, म्हणून ती कोरडी मिसळली तर पाव तुटतो. ती उकड काढून घाला. एकूण ५०० ग्रॅममधले ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात घालून, घोटून, झाकून पूर्ण गार करा आणि मग बाकीच्या कणकेत मळा. हे १०० ग्रॅम एकूण पाण्यात धरावेत. नंतर कणीक घट्ट वाटली तर दोन-तीन चमचे वाढवावेत. उकडीतला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. जपान आणि चीनमधल्या मऊ पावांसाठी गव्हाच्या पिठाची जी खळ शिजवतात तिचे तत्त्वही हेच आहे. नाचणीही अशीच चालते, मात्र १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये.

घरच्या पावात कॅल्शियम प्रोपिओनेट हे बुरशी रोखणारे द्रव्य नसते, त्यामुळे पावसाळ्यात यीस्टच्या पावावर दोन-तीन दिवसांत बुरशी येते. फ्रीजमध्येही ठेवू नये, कारण शून्याच्या थोड्या वरच्या तापमानातच पाव सर्वांत लवकर शिळवटतो. एक दिवसाचा बाहेर फडक्यात गुंडाळून ठेवावा, बाकीच्याचे काप करून डीप फ्रीजरमध्ये टाकावेत आणि लागतील तेवढे काढून थेट तापलेल्या तव्यावर शेकावेत.